पांढऱ्या दोऱ्याची जोडी

४ मार्च, बुधवार

ताई, आपली पत्रांची वही काल पोचली. आधी तुझा गुडघा कसा आहे ते सांग. उजवा म्हणतेय मी. बरा आहे असं तू लिहिलंयस, पण तुझ्या लिहिण्यातलं निम्मं मी सोडूनच देते. भाऊजींची साखर उतरली का, की अजून औषधाच्या डबीत पेपरमिंटच्या गोळ्या ठेवून स्वतःच्याच डॉक्टरला फसवतायत? भाच्याची पाठ? तुझ्या सूनबाईंच्या शिंका? आणि म्हाताऱ्या मांजरीचा डोळा उघडला का? तिची काळजी मला भाऊजींपेक्षा जास्त आहे. तिला डबी उघडता येत नाही.

आमच्याकडे म्हणशील तर ह्यांचा दमा झोपून आहे, तो उठू नये म्हणून आम्ही सगळे हळू बोलतो. माझं ब्लड प्रेशर जागच्या जागी आहे. थोरलीचे खांदे दुखतात, ते आपल्या घराण्याचंच दुखणं. आणि धाकटीची तब्येत ठणठणीत असून ती ऑपरेशन करून घेणार आहे.

बस आता खाली.

रविवारी जेवण झाल्यावर ती म्हणाली, "आई, मी छातीचं ऑपरेशन करून घेतेय."

माझ्या हातातली बशी तिथल्या तिथे थांबली. "गाठ?"

"गाठ नाही गं. मोठी करून घेतेय."

हे वर्तमानपत्रामागे होते. ते तिथेच राहिले, फक्त पान उलटायचं थांबलं.

तुला ठाऊकच आहे, आपल्या आईपासून थोरलीपर्यंत आपण सगळ्या अशा, की दार उघडलं की आधी छाती आत येते, मग आपण. धाकटी तेवढी ह्यांच्या घराण्यावर गेली. इस्त्री फिरवल्यासारखी. त्यात पंधरा वर्षं तलावावर मुलांना पोहायला शिकवून खांदे तेवढे रुंद झालेत. पण मी तिला कधी कमी आहेस म्हटलं का? तूच सांग. उलट तिचा प्रत्येक कपडा मी हातानं शिवला. जिथं उणं तिथं आपण भर घालायची, हा माझा धंदाच.

मी म्हटलं, "हे कुणासाठी? तलावावरच्या त्या तिकीटवाल्यासाठी?"

"आई, तो सत्तर वर्षांचा आहे."

"मग डोळे अधू असतील. मोठंच करावं लागेल."

ती हसली, आणि मग जे म्हणाली त्यानं मला विरघळवलं. डॉक्टर म्हणाले की आत बसवायच्या पिशवीचं माप तिच्या बांध्याला एकशेऐंशी एमएलपासून तीनशेपर्यंत काहीही चालेल. त्यातलं कोणतं, हे तिनं ठरवायचं. घरी तांदूळ भरलेल्या पिशव्या घालून बघायच्या, पुष्कळ बायका तसं करतात. "तर पिशव्या तू शिव," म्हणाली. "तुझ्या हातावर माझा भरवसा आहे."

आकडा चोवीस तारखेच्या आत कळवायचा. ऑपरेशन सत्तावीसला. आणि ताई, इथं पाव इंचाची चूक झाली तर बसल्याजागी टाके उसवता येत नाहीत. पुन्हा सुरीच.

६ मार्च, शुक्रवार

पुढच्या खोलीत बसून मी पंचेचाळीस वर्षं बायकांच्या ब्रा शिवल्या. दुकानात ज्यांचं माप मिळत नाही त्या सगळ्या माझ्याकडे. एकीकडून मोठी, एकीकडून लहान. एक काढलेली, एक राहिलेली. शिकवलं कुणी नाही, पहिली स्वतःचीच उसवून शिकले. पण असलं काम पहिल्यांदा आलं. काल रात्री झोपेतसुद्धा बोटं हलत होती म्हणे.

चार जोड्या केल्या. मऊ जुनी चादर फाडली, आतून दुहेरी शिवण. ओळखायला दोऱ्याचे रंग: पांढरा एकशेऐंशी, पिवळा दोनशेवीस, हिरवा दोनशेसाठ, लाल तीनशे. तांदूळ काट्यावर अगदी दाण्यादाण्यानं तोलले. डॉक्टर एमएलमध्ये बोलतात आणि माझा काटा ग्रॅममध्ये, पण लिटरभर पाणी किलोभर भरतं हे मला पाठ आहे. म्हणजे एमएल तोच ग्रॅम. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी एक कागद दिलाय, त्यात मापाच्या भांड्याचं काहीतरी लिहिलंय. चष्मा माडीवर होता आणि मी खाली. शिवाय पंचेचाळीस वर्षं माप घेणारीला कागद काय शिकवणार?

आठही पिशव्या दोरीवर टांगल्या. हे जेवायला आले, दोरीकडे बघत राहिले.

"तांदूळ कुठं गेले?"

"ते काय, समोर."

ह्यांनी चष्मा पुसला, आठ मोजल्या आणि म्हणाले, "अगं, एवढे पाहुणे एकदम? मला आधी सांगायचं तरी."

८ मार्च, रविवार

आज पहिली चाचणी झाली. थोरली मुद्दाम आली, तिला असल्या कामात पुढे पुढे करायला आवडतं. ह्यांना माडीवर पाठवलं.

धाकटीनं आधी पांढऱ्या घातल्या, वर आपला साधा सदरा. आरशासमोर उभी राहिली. एकदा बाजूनं पाहिलं. मग दोन्ही हात वर करून पोहताना मारतात तसे हात मारले, एक, दोन, तीन. मग आरशाकडे पाठ करून उभी राहिली आणि मान वळवून पाहिलं, जणू मागून कुणी तिला हाक मारलीय.

"बरं आहे," म्हणाली.

"बरं आहे म्हणजे काय?" मी म्हटलं. "एवढी सुरी चालवून घ्यायची ती काय बरं आहे म्हणायला? हे म्हणजे पाहुणा बोलवायचा आणि अर्धा कप चहा द्यायचा."

थोरली म्हणाली, "तू कशाला सुरी चालवून घेतेस? माझ्यातले अर्धे घे. तुझं काम होईल, माझे खांदे सुटतील."

"तुझे नकोत. तुझे चाळिशीनंतर कुठं जातात ते मी बघतेय."

"कुठं जातात? कमरेला विचारपूस करायला जातात!"

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग पिवळ्या झाल्या, हिरव्या झाल्या. लाल घातल्यावर मात्र मी टाळी वाजवली. आता कशी आपल्यातली वाटली! धाकटी जराशी अवघडून उभी होती, शेजारणीचं तान्हं बाळ धरायला दिल्यासारखी. मी म्हटलं, सवय होईल. आपल्याला नाही का झाली, बाराव्या वर्षापासून ओझं वाहतोय.

"दोन दिवस लाल घालून कामावर जा," मी म्हटलं. "माझ्यासाठी."

"बघू," म्हणाली.

ती गेल्यावर आवरायला घेतलं तर पांढरी जोडी सापडेना. गडबडीत तिच्या पिशवीत गेली असणार. जाऊ दे, त्या कोणाला हव्यात?

१२ मार्च, गुरुवार

ताई, दाराला कडी लावून वाच.

आज धाकटी लाल जोडी घालून तलावावर गेली होती. पाण्यात उतरायचं नाही, काठावरूनच शिकवायचं, असं तिनं ठरवलं होतं. वर जाड जाकीट. तर पाच वर्षांची एक पोर खोल बाजूला घसरली. ही काही विचार करते? मारली उडी.

पोर वर आली, ठणठणीत. रडलीसुद्धा नाही. पण कठड्याला घासून माझी शिवण उसवली. माझी, दुहेरी! तांदूळ आधी तरंगतायत असं वाटलं, मग सावकाश सगळे तळाशी बसले. सगळे वर्ग काठाशी येऊन बघत होते. एक पोरगा ओरडला, "बाई फुटल्या!"

तलावाचा रखवालदार जाळी घेऊन आला, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, भात लावायचा होता तर आधी पाणी तरी तापवायचं."

तलाव दिवसभर बंद. पाणी उपसावं लागणार.

हे सगळं तिनं मला फोनवर सांगितलं. मी हसले, तीही हसली. मग तिचं हसणं माझ्या आधी संपलं. मी म्हटलं, नवी जोडी शिवून देते. ती म्हणाली, "नको आई, कळलं मला काय कळायचं ते."

चला, म्हणजे लाल ठरली.

१४ मार्च, शनिवार

खात्री करायला फोन केला. "मग तीनशेच ना?"

मागून मुलांचा कलकलाट. मग, "हो आई. तीनशे. तू म्हणतेस तर."

हे शेजारीच होते. "नाकापेक्षा मोती जड होऊ नये म्हणजे झालं," म्हणाले. मी म्हटलं, ह्या विषयातलं तुमचं शिक्षण घरगुती आहे, तुम्ही दम्याकडे लक्ष द्या.

शेवटी पोरीनं माझं ऐकलं. आज दोन ब्रा शिवून झाल्या, सुई कशी लोण्यातून चालली होती.

१७ मार्च, मंगळवार

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

म्हटलं, तिला पाण्यात घालता येईल अशी एक लाल जोडी करून ठेवावी. ऑपरेशनच्या आधी एकदा पोहून बघेल. तांदळाऐवजी पाणीच भरू, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि वरून तेच कापड. तीनशे ग्रॅम पाणी तोललं, पिशवी बांधली, कापडात घातली. तर कापड ढिलं! चुण्या पडल्या. म्हटलं काटा बिघडला. पुन्हा तोललं, तेच. मग नर्सबाईंचा तो कागद काढला, ह्या खेपेला चष्म्यासकट. त्यात लिहिलंय, स्पष्ट, जाड अक्षरात: तांदूळ मापाच्या भांड्यानं मोजावेत, वजन करू नये.

मापाचं भांडं काढलं. तीनशे ग्रॅम तांदूळ ओतले. ताई, ते पावणेचारशेच्या खुणेला जाऊन टेकले.

मी स्टुलावर बसले ती बसलेच. ह्यांनी येऊन भांड्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं.

"किलोभर कापूस जड की किलोभर लोखंड, हे कोडं तू लहानपणी ऐकलं नव्हतंस का?"

"ऐकलं होतं. उत्तरही बरोबर दिलं होतं. तांदूळ म्हणून कुणी विचारलं नाही."

म्हणजे आठही पिशव्या चुकल्या. तिनं घालून पाहिलं ते पावणेचारशे, आणि दवाखान्यात सांगणार तीनशे. शुद्धीवर येऊन बघेल तर हिरव्याहूनही कमी! पोरगी म्हणेल, आईनं फसवलं. उद्या सकाळी दवाखान्यात फोन करते आणि आकडा वाढवून घेते. डॉक्टर तीनशेच्या पुढे जात नाहीत म्हणे, पण बोलून तर बघू. तिला आत्ता कशाला त्रास?

१८ मार्च, बुधवार

फोन केला. नर्सबाईंना माझ्या लेकीची तारीख सांगितली, म्हटलं तिचे तीनशे आहेत, ते वाढवायचे आहेत.

"तीनशे?" कागद चाळल्याचा आवाज. "नाही हो मावशी, त्यांनी तर नऊ तारखेलाच एकशेऐंशी लिहून दिलंय. सही आहे." आणि मग, "अगंबाई. हे मी तुम्हाला सांगायला नको होतं."

नऊ तारखेलाच. म्हणजे चाचणीच्या दुसऱ्याच दिवशी. मी लाल शिवतेय, ती लाल घालून उडी मारतेय, फोनवर तीनशे म्हणतेय, आणि तिकडे कागदावर केव्हाच पांढरी.

दिवसभर मशीनला हात लावला नाही. ह्यांनी स्वतः चहा करून दिला. इतका वाईट होता की मला बरं वाटलं.

१९ मार्च, गुरुवार

तलावावर गेले. कपडे बदलायच्या खोलीत गाठली तिला. ओले टॉवेल, क्लोरीनचा वास, बाकावर कुणाचा तरी एकच मोजा. ती पोहायच्या पोशाखात होती, केसांतून पाणी गळत होतं. खरं सांगू? तिला त्या पोशाखात मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. क्षणभर ओळखलंच नाही.

"मला खोटं का सांगितलंस?"

ती दचकली, मग तिच्या लक्षात आलं. केस पिळले. "तुझ्याशी भांडण्यापेक्षा तुला हो म्हणणं सोपं पडतं. लहानपणापासून."

"मी काय वाईट चिंतलं तुझं?"

"आई, माझ्या कपाटातला एक कपडा सांग, ज्यात तू भर घातली नाहीस."

मी विचार केला. "तुला ताप आला होता तेव्हाचा तो सुती सदरा."

"त्यात आतून स्पंजचं अस्तर होतं."

"थंडी वाजत होती तुला!"

"फक्त छातीला?"

बाहेरून कुणीतरी दार ठोकलं. ती ओरडली, "पाच मिनिटं!" मग माझ्या शेजारी बाकावर बसली. ओली, तशीच.

"अठराव्या वाढदिवसाला तू निळा झगा शिवलास. मी काही मागितलं नव्हतं. घातला, आणि सगळे म्हणाले, अरे वा, केवढी छान दिसतेस. तेव्हाच मला पहिल्यांदा कळलं, की मी छान दिसत नव्हते."

"मी चांगल्यासाठीच गं..."

"माहीत आहे. म्हणून तर अठरा वर्षं घातले. पण तेव्हापासून मी दोन बायका आहे आई. एक कपड्यातली, एक ह्या पोशाखातली. तलावावरची माणसं मला बाहेर भेटली की आधी छातीकडे बघतात, मग तोंडाकडे. बाहेरचा कुणी जवळचा झाला की मला दिवे मालवून कपडे काढायची घाई. मला मोठं नाही दिसायचं. मला एकच बाई व्हायचंय. तुझ्या त्या पांढऱ्या पिशव्या घातल्या आणि वाटलं, ही दोघींच्या मधली. ही दोघींना चालेल."

मी म्हटलं, "मग मी सगळे स्पंज काढून देते. आज बसते, आठ दिवसांत कपाट रिकामं करते. सुरी कशाला?"

"तो विचार मी दोन वर्षं केला. आता माझं ठरलंय."

ती उठली. दाराशी जाऊन म्हणाली, "आणि दवाखान्यात पुन्हा फोन करू नकोस."

ताई, चालत घरी आले. कोणत्या रस्त्यानं ते आठवत नाही. अजून सगळं नीटसं कळलेलं नाही मला. छान दिसतेस म्हणणं हे वाईट बोलणं कसं होतं?

२० मार्च, शुक्रवार

सकाळी मशीनवर बसल्यावर डोक्यात उजेड पडला आणि सुई बोटात गेली.

पांढऱ्या पिशव्याही मीच तोलल्या होत्या. काट्यावर! एकशेऐंशी ग्रॅम. तेवढे तांदूळ भांड्यात ओतून पाहिले तर दोनशेपंचवीस. तिनं आरशात पाहिली, हात मारून पाहिली, जी दोघींना चालेल म्हणाली, ती दोनशेपंचवीसची होती. कागदावर लिहिलंय एकशेऐंशी. ती शुद्धीवर येईल आणि मधली बाई तिथं नसेल. आणि चूक माझी.

लगेच फोन केला. गडबडीत चुकीच्या टोकानं सुरुवात केली. म्हटलं, "ऐक, तुझा आकडा कमी पडतोय, वाढवायला हवा..."

"आई!"

"अगं माझ्या काट्यामुळे..."

"काल एवढं बोलले मी. एवढं! आणि आज पुन्हा वाढव?" फोन बंद.

पुन्हा केला. वाजत राहिला.

काय गंमत आहे बघ. अठरा वर्षं मी तिला न सांगता वाढवत राहिले, तेव्हा तिनं प्रत्येक कपडा घातला. आज एकदाच खरं सांगतेय, तर तेही वाढवच निघालं. लांडगा आला रे आला. आता खऱ्या लांडग्याला कोण विचारतो?

चार दिवस उरलेत.

२१ मार्च, शनिवार

पहाटे उठून बसले होते. हे म्हणाले, थोरलीला सांग, ती समजावेल. थोरली म्हणजे दवंडी. ती समजावायला गेली तर लाल जोडीच्या वर नवा रंग निघेल. नर्सबाईंना सांगू? तर पोरीनं फोन करू नको म्हटलंय. ते तरी पाळायला हवं.

शेवटी माझं जुनं मापाचं भांडं घेतलं, काचेचं, खुणांवरचा रंग जरा पुसलाय पण वाचता येतात. त्यात उसवायची छोटी कात्री ठेवली, दवाखान्याचा तो कागद घडी करून ठेवला, आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीला सकाळ गेली. पहिल्या तीन फाडल्या, तिन्हीत मी बरोबर होते. चौथी अशी:

"पांढरी जोडी तुझ्याकडे आहे. एक पिशवी उसव आणि तांदूळ ह्यात ओत. किती भरतात ते तूच वाच. मी वजन केलं होतं, मोजायला हवं होतं. मी येत नाही, फोन करत नाही. आकडा मला सांगू नकोस."

सगळं खोक्यात बांधून थोरलीकडे दिलं. म्हटलं, दारात दे आणि परत ये. आत जायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही.

"आत काय आहे?"

"भांडं."

"भांड्यासाठी एवढं?"

"तुला खांद्यांचं मालीश करून देते. जा."

गेली आणि आली. म्हणाली, दार उघडलं, खोकं घेतलं, दार लावलं. "रागात होती का?" तर म्हणे, "पीठ मळत होती."

ह्याचा अर्थ तूच लाव.

२४ मार्च, मंगळवार

आज शेवटचा दिवस. फोन वाजला तीनदा. एकदा गिऱ्हाईक, एकदा चुकीचा नंबर, एकदा तू, आणि तुझा गुडघा. माफ कर, मी नीट ऐकलं नाही. तुझ्या गुडघ्यापुढं माझी फार मोठी गोष्ट चालली होती, आणि तुला सांगताही येत नव्हती, कारण पुढच्या खोलीत गिऱ्हाईक कान टवकारून होतं.

संध्याकाळी पाच वाजता दवाखाना बंद होतो. पाच वाजले. मी घड्याळाकडे पाहिलं, हे माझ्याकडे. "झालं?" म्हणाले. म्हटलं, झालं असेल काहीतरी.

२६ मार्च, गुरुवार

दुपारी धाकटी आली. मी दार उघडलं आणि बाजूला झाले. तिच्या हातात माझं भांडं होतं, घासून पुसून.

"ऑपरेशननंतर समोरून उघडणारी मऊ ब्रा लागते," म्हणाली. "हात वर करता येत नाहीत म्हणे बरेच दिवस. दवाखान्याची टोचते. शिवशील?"

"माप घ्यावं लागेल."

"घे की."

पुढच्या खोलीत उभी राहिली. मी टेप काढला. छातीखालून वळसा घेतला, आकडा वाचला, पेन्सिल उचलली. आणि ताई, हात आपोआप पाऊण इंच वाढवून लिहायला गेला. सवय! वर पाहिलं तर ती पेन्सिलीच्या टोकाकडे बघत होती. मी खोडलं. वाचलं होतं तेच लिहिलं.

"वरचं माप सूज बघून ठरव, असं नर्सबाई म्हणाल्या," ती म्हणाली. "बंद सैल ठेव, म्हणजे बसेल."

"मी विचारत नाहीये."

"मी सांगतही नाहीये."

मग मला म्हणाली, "तांदूळ ओतले तेव्हा मला एवढं हसू आलं की निम्मे ओट्यावर सांडले. पंचेचाळीस वर्षं, आई! पंचेचाळीस वर्षं काय तोलत होतीस तू?"

"अंदाज," मी म्हटलं.

जाताना भांडं ठेवून गेली. पांढरी जोडी ठेवली नाही. मी मागितली नाही.

२८ मार्च, शनिवार

काल ऑपरेशन झालं. सुखरूप. हे आणि मी सकाळपासून बाकावर. समोरच्या भिंतीवर समुद्राचं चित्र होतं, त्यातल्या होड्या मी आठ वेळा मोजल्या. हे म्हणाले, "घाबरलीस?" मी म्हटलं, नाही. हे म्हणाले, "मग माझा हात सोड, बोटं काळी पडली."

डॉक्टर बाहेर आले, सगळं ठीक म्हणाले. नर्सबाई मागून आल्या, माझ्याकडे बघून अवघडल्या. मी म्हटलं, "बाई, मी काही विचारणार नाही, तुम्ही नुसतं पाणी कुठं मिळतं ते सांगा." त्यांचा जीव भांड्यात पडला.

आत गेले. धाकटी गुंडाळलेली, पांढरीफटक, ओठ कोरडे. मी बघणार नाही असं ठरवलं होतं. पण डोळ्यांना कोण आवरणार? बँडेजवरून अंदाज घेतलाच एकदा. मग पायांकडे बघत बसले.

तिनं डोळे उघडले. "आई, पाणी."

दिलं, चमच्यानं.

"बापूंना बाहेर पाठव."

हे आपणहूनच गेले.

"कान इकडे कर," म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, मला नाही कळलं तरी चालेल. "मला सांगायचंय," म्हणाली. "तू विचारलं नाहीस म्हणून सांगायचंय."

मी वाकले. तिनं आकडा सांगितला. मग म्हणाली, "कसा आहे?" आणि मी काय बोलणार? आजवर गिऱ्हाइकाला जे म्हणत आले ते सगळं तोंडाशी आलं: शोभतो, खुलतो, अजून थोडा चालला असता. मी म्हटलं, "तुझा आहे."

ती झोपली. अर्धं तोंड उघडं, घोरत. आपल्या आईसारखी. तेवढं तरी आपल्याकडून गेलंय.

आज दुपारी वही घेऊन बसले, तो आकडा लिहायला पेन टेकवलं, आणि उचललं. ताई, ह्या वहीत मी गावभरच्या बायकांची मापं तुला कळवलीत. सगळ्यांची. बिचाऱ्यांना पत्ता नाही. पण हे माप तिनं माझ्या कानात सांगितलं, तर ते कानातच राहू दे.

वही सोमवारी पोस्टात टाकते. पोचताक्षणी लिही, महिनाभर वाट बघायला लावू नकोस. गुडघ्याचं पहिल्यापासून सांग, ह्या वेळी नीट वाचीन. मांजरीचं सांग, भाऊजींच्या डबीत काय निघालं ते सांग. काय हवं ते लिही, पण आकडा तेवढा विचारू नकोस. विचारलास तर मी सांगून टाकीन. माझं तोंड तुला माहीत आहे.